एका बैठकीला ४५६ रुपये

माझ्या खर्चाच्या वहीत दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं एक पान आहे. ध्यानाची उशी १,८५०. अ‍ॅप, वर्षाचे, १,४९९. शनिवार-रविवारचं शिबिर ६,५००. धूप, दिवा वगैरे ६४०. बेरीज १०,४८९. त्या चार महिन्यांत ज्या दिवशी खरोखर ध्यानाला बसले, त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारत होते. फुल्या भरल्या तेवीस. भागाकार केला तर एका बैठकीला ४५६ रुपये पडले. सासूबाईंनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "गप्प बसायचे एवढे पैसे?" त्या स्वतः रोज पहाटे तुळशीची माळ घेऊन पाऊण तास बसतात. ती माळ आळंदीहून कधीतरी आणलेली, तिची किंमत त्यांनाही आठवत नाही.

त्या यादीतली एकही वस्तू मी शांत डोक्याने घेतलेली नव्हती. अ‍ॅप घेतलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, छाती धडधडत होती आणि पडद्यावर 'सवलत संपायला अकरा मिनिटं' असं उलटं घड्याळ पळत होतं. शिबिराचे पैसे भरले ते असंच एका वाईट दिवशी, बसमधून. जीव घाबरा झालेला माणूस भाव करत नाही, अटी वाचत नाही, दुसऱ्या दुकानात जाऊन येतो म्हणत नाही. ध्यानाच्या बाजारात बरीचशी विक्री याच माणसाला होते. म्हणून पहिली सूचना अशी की ध्यानासाठीचा कोणताही खर्च दिवसाउजेडी करायचा, आणि मनात आल्यापासून निदान दोन दिवसांनी. या लेखातला खर्चाचा क्रमही तसाच लावला आहे: आधी फुकटचं, मग थोड्या पैशांचं, मग मोठं.

त्याच्याही आधी एक छोटा खर्च मात्र करून टाका. धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन उतरणं हे सगळं थायरॉइड वाढल्यानेही होतं. रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. दिवसाला पाच कप चहा-कॉफी असेल तर तीही हेच करते. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून रक्त आणि थायरॉइडची तपासणी केली तर साध्या प्रयोगशाळेत काहीशे रुपयांत काम होतं. थायरॉइडच्या गोळीची गरज असलेला माणूस श्वासावर लक्ष ठेवत बसला, तर त्याची वर्षं जातात.

पहिला महिना, शून्य रुपये

बसायला घरातली गोधडी घ्या. चार घड्या घालून कुल्ल्यांखाली ठेवली की गुडघे कमरेपेक्षा खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. उशीच्या जाहिरातीत सांगतात ते काम हेच. गुडघे दुखत असतील तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालते, फक्त दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले हवेत. वेळ लावायला फोनमधलं घड्याळ पुरतं. फोन हातात घेतला की पुन्हा स्क्रोलिंग सुरू होत असेल, तर स्वयंपाकघरातला टायमर बरा.

आता खरी गोम. जवळपास सगळीकडे पहिला धडा एकच असतो: डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. बहुतेकांना तो चालतो, पण चिंतेने ग्रासलेल्या काहींना नेमका हाच धडा बाधतो. डोळे मिटले की बाहेरचं जग जातं आणि छातीचे ठोके तेवढे उरतात. ज्याला आधीच 'मला हार्ट अटॅक येतोय का' अशी भीती आहे, तो श्वास मोजता मोजता श्वासच अडकवून बसतो. मग त्याला वाटतं, ध्यानसुद्धा आपल्याला जमत नाही. २०२० साली ध्यानाच्या दुष्परिणामांवर एक आढावा प्रसिद्ध झाला. ८३ अभ्यासांमधल्या ६,७०० हून अधिक लोकांची माहिती त्यात एकत्र केली होती. सुमारे ८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं आणि त्या त्रासांत चिंता सर्वांत वर होती. म्हणजे हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत घडत नाही.

म्हणून सुरुवात डोळे उघडे ठेवून करा. नजर समोर चार-पाच फुटांवर जमिनीवर टेकू द्या. लक्ष श्वासाऐवजी आवाजांवर ठेवा: पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, रस्त्यावरचा भंगारवाला. आवाज येतो, जातो, पुढचा येतो. कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट हे ठरवायचं नाही. मध्येच लाइटबिल आठवेल, बॉसचा चेहरा आठवेल. आठवला हे कळलं की परत पंख्याकडे यायचं. हे 'परत येणं' हाच सगळा व्यायाम आहे. तीन मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा व्यायाम झाला. मला ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर उशीचे पैसे वाचले असते. मन गेलं की आपण नापास, असं समजून मी दर वेळी उठून जात होते.

पहिला आठवडा तीन मिनिटं, रोज एकाच वेळेला. दुसऱ्या आठवड्यात पाच. सकाळी दात घासल्यावर आणि चहाच्या आधी ही वेळ बहुतेक घरांत सापडते. रात्री अंथरुणात ध्यान करू नका, कारण मग ते झोपेची परीक्षा होऊन बसतं. श्वासाचं काही करायचंच असेल तर तो नुसता मोजत बसू नका, लांब करा: नाकाने आत चार आकडे, बाहेर सहा आकडे, असं दहा वेळा. बाहेर सोडलेला श्वास लांबला की ठोके थोडे मंदावतात, आणि हे अंगाला जाणवतं.

बसवतच नसेल तर चाला. घरातल्या घरात दहा पावलं जायचं, दहा पावलं यायचं. टाच टेकली, चवडा टेकला, एवढंच पाहायचं. ज्यांच्या घरात नामस्मरणाची सवय आहे त्यांना शिकायला फार काही उरत नाही. माळेचा मणी सरकवताना बोटांना लागतो, नाम तोंडात असतं आणि मनाला परत येण्यासाठी दोन ठिकाणं मिळतात. सासूबाईंना 'माइंडफुलनेस' हा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, "माळ विसरलेल्या लोकांसाठी आहे का ते?" मला उत्तर सुचलं नाही.

अ‍ॅप घ्यायचंच असेल तर

कानात कुणीतरी बोलत राहिलं की सुरुवातीला बरं वाटतं, हे खरं आहे. त्यासाठी पैसे मोजायची मात्र घाई नको. इनसाइट टायमरसारख्या अ‍ॅपवर मार्गदर्शनासह ध्यानाचा मोठा साठा फुकट आहे, हार्टफुलनेसचं अ‍ॅपही विनामूल्य आहे. हेडस्पेस, कॅल्म (Calm) यांसारखी अ‍ॅप वर्षाच्या वर्गणीवर चालतात. त्यांचा दर देशागणिक आणि सणागणिक बदलतो, त्यामुळे आज दिसलेली 'शेवटची संधी' पुढच्या महिन्यात पुन्हा उगवते. खोटी घाई लावणं आणि वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या यादीत घातल्या आहेत. त्या यादीत असे तेरा प्रकार आहेत.

सापळा असतो तो 'सात दिवस मोफत' मध्ये. कार्ड किंवा यूपीआय जोडल्याशिवाय ते सात दिवस सुरू होत नाहीत आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आपोआप जाणारे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि तो सूचनेचा मेसेज आपण इतर पन्नास मेसेजच्या ढिगात वाचत नाही. माझा तसाच गेला होता. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, हा तर सर्रास गैरसमज आहे. अ‍ॅप गेलं तरी पैसे जात राहतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर टिचकी मारा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये जाऊन रद्द करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारली की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. यूपीआयने भरले असतील तर त्या अ‍ॅपमधल्या 'ऑटोपे' विभागात जाऊनही मंजुरी काढून घेता येते. मोफत आठवडा सुरू केला त्याच दिवशी रद्द केला तरी साधारणपणे उरलेले दिवस वापरता येतात. म्हणून लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, लगेच रद्द करा.

वर्ग

महिनाभर जमलं आणि आता कुणीतरी समोर बसून शिकवावं असं वाटत असेल, तर वर्गावर खर्च करायला हरकत नाही. अ‍ॅपला तुमचा चेहरा दिसत नाही, चांगल्या शिक्षकाला दिसतो. त्याचेच पैसे द्यायचे असतात.

विनामूल्य शिकवणारेही पुष्कळ आहेत. ब्रह्माकुमारींचा सात दिवसांचा राजयोगाचा परिचयवर्ग बहुतेक शहरांत फुकट मिळतो, सहजयोगाची केंद्रंही पैसे घेत नाहीत. इथे पैशांऐवजी विचारसरणी येते. ती पटली तर उत्तम, नाही पटली तर उठून यायला संकोच करू नका. योगसंस्थांकडून शिकायचं असेल तर सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासून आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून चालू आहे. दोन्हीकडे ठरलेली फी असते आणि लोणावळ्याला राहिलात तर खोली आणि जेवण हाच खर्चाचा मोठा भाग होतो. पुण्या-मुंबईजवळचा आठवड्याअखेरचा निवासी कार्यक्रम दुसऱ्या कुठे घेतला तरी हिशेब तसाच असतो: तुम्ही ध्यानाच्या नावाने डोंगरातली खोली घेत असता. डोंगर हवा असेल तर खुशाल जा, पण तो खर्च सहलीच्या खात्यात लिहा.

आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम जगभर चालतो. जॉन काबाट-झिन यांनी तो १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केला. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी सराव, असं त्याचं स्वरूप. आपल्याकडे तो ऑनलाइन देणारे काही हजारांत फी सांगतात. इंग्रजी चालत असेल तर 'पलूस माइंडफुलनेस' या संकेतस्थळावर तोच अभ्यासक्रम पूर्ण फुकट आहे. फक्त तिथे शिक्षक नाही, तुमचा तुम्ही रेटायचा.

पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. फीमध्ये जीएसटी धरला आहे का? एक वर्ग बसून बघता येईल का? मधेच सोडलं तर किती परत मिळतील, आणि हे लेखी द्याल का? पॅनिकचा त्रास आहे असं सांगितल्यावर शिक्षक काय म्हणतो, ते सगळ्यांत नीट ऐका. 'इथे सगळे बरे होतात' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. 'गोळ्या चालू असतील तर बंद करू नका, डोळे उघडे ठेवून बसा, नको वाटलं तर थांबा' असं कुणी म्हणालं, तर तिथे जायला हरकत नाही. फीची पावती 'देणगी' म्हणून देऊन ८० जी ची करसवलत मिळेल असं सांगणारेही भेटतात. शिकवण्याच्या बदल्यात दिलेले पैसे देणगी होत नाहीत. शिवाय ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांच्या वर रोखीने दिलेल्या देणगीला तर नाहीच.

फुकटातलं सर्वांत महाग

'विपश्यनेला जाऊन ये, फुकट आहे' हा सल्ला महाराष्ट्रात चिंतेने त्रासलेल्या प्रत्येकाला एकदा तरी मिळतो. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून सुरू आहे, पुण्यापासून नागपूरपर्यंत इतर केंद्रंही आहेत. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या या शिबिरांना शिकवणीची, राहण्याची, जेवणाची फी नाही. देणगी घेतात, तीही निदान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या व्यवहारांत पैशांच्या बाबतीत इतका स्वच्छ मला दुसरा दिसला नाही.

पण खर्च वेगळ्या खिशातून जातो. पहिलं शिबिर दहा दिवसांचंच करावं लागतं, एक-तीन दिवसांची शिबिरं जुन्या साधकांसाठी असतात. जाण्यायेण्याचे दिवस धरून बारा दिवस मोडतात. रोजंदारीवरच्या किंवा दुकान एकट्याने चालवणाऱ्या माणसाने बारा दिवसांच्या कमाईचा आकडा मांडून पाहावा, तो कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मोठा निघेल. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे, आस्थापना शाखेत आधी विचारून घ्या. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्याच्यासाठी ठेवलेल्या बाईंचा पगारही याच खर्चात धरा.

आत गेल्यावर पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होतं आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. दिवसाला सुमारे दहा तास बसणं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. फोन जमा करायचा, वाचन-लेखन बंद, घरच्यांशी संपर्क नाही. अकराला जेवण झालं की नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा आणि फळं किंवा हलकं काहीतरी, पुढे काही नाही. ज्याला घरात पाच मिनिटं स्वतःबरोबर बसवत नाही त्याने थेट इथे जाणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी एकदम खाडीत उतरणं. केंद्रंसुद्धा हे जाणतात. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं आणि गंभीर त्रास असलेल्यांना ते येऊ नका असंच सांगतात. आपल्याकडे लोक तो रकाना 'नाही' लिहून मोकळे होतात, कारण प्रवेश नाकारतील ही भीती. तसं करू नका. तो रकाना तुमच्यासाठीच आहे.

चव घेऊन पाहायची असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात जा. तिथे आलेल्यांना आनापानाचं, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं, छोटं सत्र फुकट मिळतं. खर्च फक्त बोरिवलीपर्यंतच्या तिकिटाचा, रिक्षाचा आणि खाडी ओलांडायच्या बोटीचा.

डॉक्टरांसाठी राखून ठेवलेले पैसे

तीन-चार आठवडे नीट करूनही झोप येत नसेल, कामावर जाता येत नसेल, अचानक भीतीचे झटके येत असतील, तर पुढचा रुपया ध्यानावर घालवू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या एका सत्राला मोठ्या शहरात साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, लहान गावांत बरेच कमी. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. औषधं लिहून देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत आणि तिथे मानसिक आजारांची बाह्यरुग्ण सेवाही असते. रांग मात्र मोठी असते, सकाळी लवकर गाठा. आरोग्य विम्याने मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तरी नेहमीची पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देते, समुपदेशनाची फी सहसा देत नाही. पॉलिसीत 'ओपीडी' हा शब्द शोधा.

ध्यान की गोळी, असा वाद घरात हटकून होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर याचीच परीक्षा घेतली. निम्म्यांना वर सांगितलेला आठ आठवड्यांचा वर्ग, निम्म्यांना एस्सिटालोप्रॅम हे औषध. दोन्हीकडे चिंता जवळपास सारखीच उतरली. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर 'गोळ्या फेका, ध्यान करा' अशी फिरली. त्या वर्गात शिक्षक समोर होता आणि रोज पाऊण तासाचा गृहपाठ होता, हे त्यात गाळलेलं असतं. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

आणि रात्री अडीचला, जेव्हा मी अ‍ॅप विकत घेत होते, तेव्हा एक फुकटचा पर्याय होता तो मला ठाऊक नव्हता. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असे विचार मनात येत असतील तर ध्यान, वर्ग, हा लेख, सगळं बाजूला ठेवून तो लावा आणि घरातल्या एकाला उठवा.

पैसे परत

माझं शिबिर राहिलं सांगायचं. पत्रकावर लिहिलं होतं, 'चिंतामुक्तीसाठी, नवशिक्यांना खास'. प्रकृतीबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. पहिल्याच दुपारी चाळीस जणांकडून पाऊण तास जोरजोरात, भराभर श्वास करून घेतला. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, ओठ बधिरतात. पॅनिकचा झटका याहून वेगळा वाटत नाही. माझं तेच झालं. मी संध्याकाळी बॅग उचलून घरी आले. परतावा मागितला तर फॉर्मवरच्या एका ओळीकडे बोट दाखवलं: कोणत्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत.

फॉर्मवर लिहिलं म्हणून ते कायद्याच्या वर जात नाही. सेवा सदोष असताना ठरल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच मोडतं. नुसतं 'मला आवडलं नाही' एवढ्यावर मात्र हे चालत नाही. जाहिरातीत काय म्हटलं आणि प्रत्यक्षात काय दिलं यातलं अंतर दाखवावं लागतं. मी पत्रकाचा फोटो, पैसे भरल्याचा पुरावा आणि काय घडलं ते दहा ओळींत लिहून ईमेल केला. उत्तर आलं नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे पैसे लागत नाहीत. तेवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही.

वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी निम्मे पैसे खात्यात आले, सोबत 'सदिच्छा म्हणून' असा मेसेज. वहीत जमेच्या बाजूला ३,२५० अशी नोंद आहे. त्याखाली दुसऱ्या दिवशीचं: दूध ६८, कोथिंबीर १५, रिक्षा ४२. उशी आता सासूबाईंच्या पाठीमागे असते, माळ ओढताना टेकायला.